पाणी आणलं, निचरा राहिला: सांगली जिल्ह्यातल्या क्षारपड रानांचं प्रकरण

सांगली जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला की आधी पाण्यातला फरक दिसतो. पश्चिमेला शिराळा तालुक्यात चांदोलीचं जंगल, तिथं वर्षाला २,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि तिथनं शंभर-दीडशे किलोमीटरवर पूर्वेला आटपाडी, जत, तिथं ४००-५०० मिमी पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. मधनं कृष्णा वाहते, हरिपूरजवळ तिला वारणा मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा मिळते. जिल्ह्याचा सगळा पैसा, म्हणजे ऊस, साखर कारखाने, दूध, हळद, हा बऱ्यापैकी या नदीकाठच्या पट्ट्यात उभा राहिला, वाळवा, पलूस, मिरज आणि शिराळ्याचा खालचा भाग. द्राक्षं तासगाव-मिरजेकडं, डाळिंब आटपाडीत, ते वेगळं.

आता गंमत नाही तर दुःखाची गोष्ट अशी की जिल्ह्यात सगळ्यात जास्त रान खराब कुठं झालंय म्हणाल तर ते जतच्या माळावर नाही, ते याच पट्ट्यात झालंय, कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या कसदार जमिनीत. दूधगाव, कवठेपिरान, कसबे डिग्रज, आष्टा, बोरगाव, उरुण-इस्लामपूर, कुठंही जा, उसाच्या हिरव्या फडाच्या शेजारी मीठ वर येऊन पांढरं पडलेलं, वेड्या बाभळीचं नाहीतर लव्हाळ्याचं रान दिसतंय. ज्या जमिनीला आजोबांच्या काळात एकरी सगळ्यात जास्त किंमत होती ती आज फुकट कसायला दिली तरी कोण घेत नाही. हे कसं झालं, कोणामुळं झालं आणि दुरुस्तीला कुठनं हात घालायचा, एवढंच इथं नीट मांडायचंय, कारण यावर बोलताना लोक एकतर शेतकऱ्याला हावरट म्हणून मोकळे होतात नाहीतर खतांना शिव्या देऊन मोकळे होतात, आणि दोन्हीत खरं दुखणं बाजूलाच राहतं.

आधी इथं काय पिकायचं

नदीकाठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ओल साठली की रब्बीत शाळू त्या ओलीवरच यायचा, एक पाणी नाही दिलं तरी. हरभरा, करडई, जवस तसंच. हळद, भुईमूग, मिरची विहिरीच्या पाण्यावर, मोट होती तोपर्यंत उसाचं क्षेत्र आपोआप मर्यादेत होतं कारण बैलाच्या ताकदीनं किती पाणी निघणार. कालव्याचं पाणी इथं नवीन नाही, कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरनं निघणारा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला आहे, दख्खनमधल्या सगळ्यात जुन्या इंग्रजी कालव्यांपैकी एक. पण त्या कालव्यानं एवढं रान खराब झालं नाही, कारण त्यात पाणी मर्यादित होतं आणि पीकही मिसळ होतं.

खरा बदल कोयनेनंतर. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, पुढं वारणेवर चांदोलीचं झालं, नदीवर जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले आणि कृष्णा उन्हाळ्यातही भरलेली राहायला लागली. नदी बारमाही झाली म्हटल्यावर काठावर पंपांची रांग लागली. कुणाच्या खाजगी मोटरी, कुणाच्या चार-पाच भावकीत मिळून, आणि मोठ्या म्हणजे सहकारी पाणीपुरवठा संस्था, ज्यांना आपल्याकडं नुसतं 'स्कीम' म्हणतात. तिकडं कारखाने वाढत गेले, सांगलीचा, साखराळ्याचा, वाळव्याचा, कुंडलचा, चिखलीचा. कारखान्याला ऊस पाहिजे, शेतकऱ्याला खात्रीचं पीक पाहिजे, आणि ऊस हे एकच पीक आहे ज्याला घ्यायला गाडी दारात येते आणि ज्याचा किमान दर कायद्यानं ठरतो. त्यामुळं ऊस लावणारा चुकला असं मला कधीच वाटलेलं नाही. टोमॅटो रस्त्यावर ओतलेल्या माणसाला ऊस का लावतोस म्हणून कुठल्या तोंडानं विचारायचं.

माळ भिजला, काळी बुडाली

या भागातली जमीन सपाट दिसते पण तशी नाही. नदीकाठाला उंच मळी म्हणजे गाळाची जमीन, मग खोलगट काळी, आणि त्याच्या पलीकडं वर चढत गेलेला मुरमाड माळ. जुन्या काळात माळावर गवत आणि पावसाळी बाजरी-मटकी, बाकी काही नाही. स्कीमा आल्या तशी पाइपलाइन नदीतनं थेट माळावर गेली. माळ हलका, मुरूम खाली, दिलेलं पाणी पटकन मुरतं, म्हणून तिथं आठ-दहा दिवसाला पाणी द्यावं लागतं. हे मुरलेलं पाणी जाणार कुठं? खाली कठीण काळा पाषाण आहे, पाणी त्यावरनं उताराला सरकत येतं आणि बरोबर खोलगट काळ्या जमिनीत येऊन थांबतं, कारण काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या वर, त्यातनं पाणी पुढं सरकायला अतिशय वेळ लागतो. आपल्या भाषेत रानाला उपळ लागतो तो असा. वरच्याला काही झालेलं नसतं, त्याचा माळ सोन्याचा झालेला असतो, आणि खालच्याचं रान न पाजताही ओलं.

शिवाय खालचा स्वतःही ऊस लावतोच. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सुरू उसाला, म्हणजे वर्षभराच्या पिकाला, साधारण २,५०० ते २,७५० मिमी पाणी धरलंय, दीड वर्षाच्या आडसालीला ३,४०० ते ३,५०० मिमी, आणि पाटानं देताना प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच जातं. पावसाचे ५००-७०० मिमी त्यातनं वजा करा. म्हणजे ज्या जमिनीला निसर्गानं वर्षाला सहाशे मिमी पचवायची सवय लावली होती तिला आपण तीन-चार पट पाणी चाळीस-पन्नास वर्षं पाजत आलोय, आणि बाहेर जायची वाट मात्र तेवढीच ठेवली, खरं तर कमी केली.

ज्या विहिरीत पूर्वी उन्हाळ्यात पन्नास-साठ फुटांवर पाणी असायचं ती आता हातानं पाणी घ्यावं इतकी भरलेली, आणि तरी ते पाणी कुणी पीत नाही कारण मचूळ झालंय. पाहुणे बघतात तर म्हणतात केवढं पाणी आहे तुमच्याकडं.

मीठ येतं कुठनं

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोक म्हणतात युरियानं रान खारवलं. खतांचा अतिवापर वाईटच, त्याचं समर्थन नाही, पण हिशोब करून बघा. नदीचं गोड, चांगलं म्हटलं जाणारं पाणी घ्या, त्यात समजा लिटरला ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत, हे पिण्यालाही चालतं असं पाणी. सुरू उसाला २,५०० मिमी दिलं म्हणजे हेक्टरी २ कोटी ५० लाख लिटर. गुणाकार केला की साडेसात हजार किलो होतात. वर्षाला हेक्टरी साडेसात टन क्षार, एकरी तीन टन, नुसते पाण्यातनं, एक पोतं खत न टाकता! ऊस पाणी पितो आणि पानातनं हवेत सोडतो, क्षार मात्र मातीतच राहतात. खाली निचरा असता तर पावसाळ्यात ते धुऊन गेले असते, जसे पूर्वी जायचे. निचरा नसला की साठत जातात.

त्यात पाण्याची पातळी जमिनीखाली दीड मीटरच्या आत आली की दुसरा खेळ सुरू होतो. काळी माती बारीक कणांची, ती खालचं पाणी वर खेचते, उन्हानं ते उडून जातं आणि मीठ वरच्या दोन बोटांच्या थरात राहतं. म्हणून मार्च ते मे रान सगळ्यात पांढरं दिसतं आणि पहिल्या वळवानंतर काळं, आणि माणूस फसतो, त्याला वाटतं सुधारलं. सुधारलेलं नसतं, मीठ फूटभर खाली गेलेलं असतं, दिवाळीनंतर परत वर येतं.

रात्रीची लाइट आणि एकरी पट्टी

पाणी जास्त का दिलं जातं याचं उत्तर शिवारात रात्री उभं राहिल्यावर कळतं. शेतीपंपाला आठ तास लाइट, त्यातही आठवड्यातले काही दिवस रात्रपाळी. रात्री बिबट्याचं भ्या, सापाचं भ्या, माणूस मोटरला ऑटो स्विच लावून घरी झोपतो, लाइट आली की मोटर सुरू, गेली की बंद. सरीत पाणी किती गेलं, बांध फुटून कुठं गेलं, सकाळी कळतं. स्कीमचं पाणी असलं तर पाळी वीस-पंचवीस दिवसानं येते, मग आली तेव्हा जेवढं घेता येईल तेवढं घ्यायचं, पुढची पाळी वेळेत येईल याचा भरवसा नाही. आणि पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी एकरावर, मोजून नाही, त्यामुळं कमी पाणी घेणाऱ्याला एक रुपयाचा फायदा नाही. वीजबिलही २०२४ पर्यंत बऱ्याच जणांचं मीटरवर नाही तर मोटरच्या हॉर्सपॉवरवर होतं. सगळी व्यवस्थाच जास्त पाणी द्या म्हणून सांगत असेल तर एकट्या शेतकऱ्याला 'जपून वापरा' हे सांगून काय होणार?

२०१७ साली राज्य सरकारनं उसाला टप्प्याटप्प्यानं ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं. चांगला विचार होता, ठिबकवर पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वाचतं. पण जिथं पाण्याची पाळी वीस-पंचवीस दिवसांतनं एकदा येते तिथं ठिबक चालवायचं कशावर, त्याला रोज थोडं पाणी लागतं, म्हणजे शेततळं नाहीतर स्कीमचं वेळापत्रक बदलायला पाहिजे, आणि ते झालं नाही.

वाट बुजवली ती आपण सगळ्यांनी

माझ्या मते या प्रकरणातला मुख्य दोष इथं आहे. पाणी आणताना प्रत्येक वेळी इंजिनिअर होते, नकाशे होते, कर्ज होतं, उद्घाटन होतं. पाणी काढून द्यायला कुणी नव्हतं. चर योजना कागदावर कुठंकुठं होत्या, पण लिफ्टनं उचललेल्या पाण्याच्या बाबतीत तर त्याही नाहीत, कारण त्या स्कीमा शेतकऱ्यांच्या स्वतःच्या, त्यांचं काम पाणी शेतापर्यंत पोचवणं एवढंच.

आणि जे नैसर्गिक होतं ते आम्ही बुजवलं. प्रत्येक गावात दोन-तीन ओढे होते, शिवाराचं पाणी घेऊन नदीला जायचे. ओढ्याचा काठ दरवर्षी एक सरी आत आला. वीस फुटांचा ओढा आठ फुटांचा झाला, त्यात लव्हाळा, जलपर्णी, गाळ, आणि कडेला बांधलेली ताल. रस्ता उंच केला आणि खाली मोरी टाकली नाही, किंवा टाकली ती एवढी बारकी की पहिल्याच पावसात तुंबली. पाटाच्या भरावानं आडवं पाणी अडलं. नकाशात ओढा आहे, जागेवर ऊस आहे. कुणा एकाचं नाव घ्यायला नको, हे गावोगाव सगळ्यांनी मिळून केलंय आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण घेतलेल्या एका सरीनं काय होतंय.

एकट्यानं का जमत नाही

रान बिघडायला लागलं की ठरलेला क्रम असतो. आधी उसाची उगवण विरळ होते, मग फडात मधेच ठिपके पडतात जिथं ऊस गुडघ्याच्या वर जात नाही, पानांची टोकं करपतात, रान वाफशावर यायला आठवडाभर जास्त लागतो, ट्रॅक्टर रुततो. हळद असेल तर कंदकूज आधी, कारण हळदीला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. ऊस तसा चिवट वाटतो पण मिठाला तो नाजूकच आहे. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता म्हणजे ईसी १.७ च्या पुढं गेली की प्रत्येक एककाला साधारण ६ टक्के उतारा कमी होतो, म्हणजे ईसी ८ झाली तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ऊस गेला. इथं एक सांगून ठेवतो, आपल्याकडच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा माती-पाणी १:२.५ करून ईसी काढतात, तो आकडा कमी येतो, त्यामुळं रिपोर्टवर दीड-दोन बघून 'अजून बरं आहे' म्हणू नका, दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात.

मग शेतकरी दुकानात जातो. तिथनं जिप्सम येतं, कसली तरी बाटली येते, 'क्षार फोडणारं' म्हणून. यात एक मूळ गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. जमीन तीन प्रकारे बिघडते. नुसती क्षारयुक्त असेल, म्हणजे ईसी ४ च्या वर पण सामू (पीएच) ८.५ च्या आत, तर तिला जिप्समची गरजच नाही, तिला गोड पाण्यानं धुऊन ते पाणी बाहेर काढायची गरज आहे. चोपण असेल, म्हणजे सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांवर सोडियम १५ टक्क्यांच्या पुढं, पाणी वर तुंबतं, वाळल्यावर दगड होतो, तर तिथं जिप्सम लागतं, आणि चुनखडीची जमीन असेल तर गंधक. तिसरी दोन्ही मिळून, क्षारयुक्त चोपण, आणि तिथं घाईनं नुसतं धुतलं तर ती आणखी चोपण होते. पण तिन्हीत एक अट सारखी आहे, जिप्समनं सुटलेला सोडियम असो की विरघळलेलं मीठ असो, ते शेताबाहेर गेलं पाहिजे. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे पैसे मातीत पुरले, दुसरं काही नाही. धैंच्याचं हिरवळीचं खत, शेणखत, कारखान्याची मळी हे सगळं चांगलं, पण निचऱ्यानंतर.

मग तो जेसीबी बोलावतो आणि बांधाला उघडी चर काढतो. चरीत पाणी येतंही, पण चर संपते तिथं शेजाऱ्याचं रान, तो म्हणतो तुझं खारं पाणी माझ्यात कशाला. त्याचं बरोबरच आहे. मग भांडण, तलाठी, कोर्ट. किंवा चर दोन वर्षांत ढासळून बुजते, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, उभी कड टिकत नाही. शिवाय चरीत जमीन जाते ती वेगळीच. दोन एकरवाला माणूस त्यातली चार गुंठे चरीला कुठनं देणार.

हे रोग सातबाऱ्याच्या हद्दी पाळत नाहीत, म्हणून औषधही गट नंबरानं देता येत नाही, खोलगट भागात ज्यांचं पाणी एकत्र येतं ते सगळे शेतकरी एका कामात आले तरच उपयोग.

हे आधी घडलेलं आहे

आपण नवीन संकटात सापडलोय असं वाटतं, पण नाही. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा बांधला, १८८५ च्या सुमारास तो सुरू झाला, भाटघरच्या धरणाचं पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरकडं न्यायला. हेतू दुष्काळात ज्वारी वाचवायचा, पण पाणी गेलं उसाला, आणि वीस-तीस वर्षांत बारामतीच्या बाजूला काळी रानं पाणथळ आणि खारी व्हायला लागली. १९१६ साली मुंबई सरकारनं सिंचनासाठी एक खास कक्ष काढला, क्लॉड इंग्लिस नावाच्या इंजिनिअरनं त्यात या खारवलेल्या जमिनींवर बरीच वर्षं काम केलं, चर काढून जमीन परत आणता येते हे तेव्हाच दाखवून दिलं. तोच कक्ष वाढत वाढत पुढं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला, आज ते मोठमोठ्या धरणांचे आणि बंदरांचे अभ्यास करतंय. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्यापासनं जवळच्याच पुणे जिल्ह्यात हे माहीत झालेलं होतं, आणि कोयनेचं पाणी उचलताना तो धडा कुणी इकडं आणला नाही. याचा मला खरोखर राग येतो.

नदीपलीकडं काय झालं

कृष्णेच्या खालच्या अंगाला कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते तो सगळा भाग खोलगट, तिथलं दुखणं आपल्याइतकंच, काही गावांत जास्त. तिथं शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानं, गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं, भूमिगत निचऱ्याचं, म्हणजे जमिनीखाली पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढायचं, सामुदायिक काम उभं केलं. कारखान्यानं तंत्र आणि मध्यस्थी दिली, गावागावात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था केल्या, कर्ज बँकेचं आणि परतफेड उसाच्या बिलातनं. सबसिडीची वाट बघत बसले नाहीत. वर्षानुवर्षं पडून असलेल्या रानात परत ऊस आला, गहू आला, भाजीपाला आला, लोक बाहेरून बघायला यायला लागले.

आपल्या जिल्ह्यातही सरकारी योजनेतनं काही गावांत भूमिगत निचऱ्याचं काम झालंय, केंद्र, राज्य आणि शेतकरी असा खर्चाचा वाटा धरून. फरक मला असा दिसतो की सरकारी कामात पाइप आधी येतो आणि गाव नंतर, शिरोळला गाव आधी आलं. ज्याचं स्वतःचं कर्ज आहे तो चेंबरचं झाकण गेलं तरी बघायला जातो.

काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो. आधी सगळ्या भागाचा लेव्हल सर्व्हे, पाणी कुठनं कुठं जातंय आणि ओढ्याचा तळ किती खोल आहे. मग ओढा मोकळा करायचा, हे पहिलं काम, यात तडजोड नाही. मग शेतात साधारण सव्वा मीटर खोलीवर ८० मिमीचे सच्छिद्र नालीदार पाइप, त्यावर माती आत जाऊ नये म्हणून फिल्टरचं कापड, एकमेकांपासून काळ्या जमिनीत २० ते ४० मीटर अंतरावर. ३० मीटर धरलं तर हेक्टरला ३३३ मीटर पाइप होतो, २० धरलं तर ५००, त्यामुळं अंतर कमी-जास्त केलं की खर्च कुठल्या कुठं जातो, आणि म्हणूनच ठेकेदाराच्या अंदाजावर सोडायचं नाही, माती तपासून ठरवायचं. हे पाइप मोठ्या मुख्य पाइपला जोडायचे, जोडावर तपासणी चेंबर, आणि मुख्य पाइप ओढ्यात. पाइपचं तोंड ओढ्यातल्या पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. ओढा तीन फूट खोल आणि पाइप चार फुटांवर असेल तर मोटर लावून पाणी उपसावं लागतं, मग लाइटबिल कोणी भरायचं यावर सहा महिन्यात सगळं बंद पडतं. पहिल्या पावसाळ्यात पाइपातनं चहासारखं तांबूस, खारट पाणी येतं, दोन-तीन पावसाळ्यांत मीठ मुळांच्या खाली जातं.

आणि वरच्या माळवाल्याला यात घ्यायलाच पाहिजे. त्याचं रान चांगलं आहे म्हणून तो वर्गणी देत नाही, पण खालच्या रानातलं निम्मं पाणी त्याचं आहे. त्यानं निदान ठिबक केलं, किंवा माळाच्या पायथ्याला आडवी चर काढून पाणी वरच्यावर ओढ्याला काढून दिलं, तर खालचा पाइपचा खर्च बराच कमी होतो. हे बोलणं गावात सगळ्यात अवघड जातं.

सुटलेलं खारं पाणी

एका प्रश्नावर कुणी बोलत नाही, तो म्हणजे निचऱ्याचं पाणी शेवटी कृष्णेतच जाणार. पावसाळ्यात नदी भरून वाहत असते, मिठाचं काही वाटत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये बंधाऱ्यात अडवलेल्या पाण्यात ओढ्याओढ्यानं खारं पाणी, त्यात गावाचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आलं तर खाली मिरज, शिरोळ आणि पुढं कर्नाटकातली गावं तेच पाणी पितात आणि तेच पिकाला देतात. उत्तर आहे, उन्हाळ्यात पाइपांची तोंडं नियंत्रित ठेवायची आणि धुण्याचं काम पावसाळ्यातच करायचं, पण त्यासाठी नदीकाठच्या सगळ्या गावांचं एक वेळापत्रक पाहिजे.

दुसरं, पूर. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या वेळी ओढ्यांतनं पाणी उलटं शिवारात शिरलं. पाइपच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप नसेल तर गाळ आत जाऊन सगळी लाइन बसते. नवीन काम करणाऱ्यांनी ही झडप अंदाजपत्रकात आधीच धरावी, किंमत फार नाही.

आता पूर्वेकडं

हे सगळं लिहायचं खरं कारण पूर्वेकडं आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठे महांकाळ, आटपाडी, जतकडं नेलंय आणि हे पाणी न्यायलाच पाहिजे होतं, त्यासाठी तिथल्या लोकांनी पिढी घालवलीय. पाणी चळवळीतल्या नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांना हजारो माणसं यायची. त्याच्याही आधी येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतल्या वाळूवर गावाचा हक्क सांगून बळीराजा धरण बांधलं, आणि पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, असं ठरवलं. पाण्याचा इतका खोलवर विचार या जिल्ह्यात झालाय, म्हणून जास्त वाटतं की पुढचं पाऊल चुकू नये.

टेंभूच्या आटपाडीकडच्या भागात बंद पाइपनं पाणी द्यायचं धरलं, ते फार चांगलं झालं, उघड्या पाटातनं मुरणारं पाणी वाचतं. पण पाणी दारात आल्यावर तिथंही ऊस वाढतोय, लोकांना खात्रीचं पीक पाहिजे आणि दोष त्यांचा नाही. माण, अग्रणी, बोर नदीच्या काठाला खोलगट काळी जमीन तिथंही आहे, वर मुरमाड माळही आहे, आणि पाऊस आपल्यापेक्षा कमी, म्हणजे निसर्गाकडनं धुऊन निघायची शक्यताही कमी. वाळव्याला जे व्हायला चाळीस वर्षं लागली ते तिथं त्याच्या आत होईल असं मला वाटतं.

आत्ता तिथं करायला सोपं काम आहे. पाणी पोचलेल्या प्रत्येक गावात खोलगट भागात तीन मीटरचा भोकं पाडलेला पाइप उभा पुरायचा, दर महिन्याला टेप सोडून पातळी मोजायची आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायची. एप्रिलमधली पातळी दोन मीटरच्या आत आली की त्या भागात नवीन ऊस पाटपाण्यावर लावायचा नाही, ठिबकवरच. ओढ्यांची मोजणी आत्ताच करून हद्दीचे दगड रोवायचे, कारण आज तिथं ओढ्याच्या कडेची जमीन स्वस्त आहे आणि अतिक्रमण कमी आहे. ऊस लागल्यावर एक फूट मागे सरकायला कुणी तयार होत नाही, वाळव्यात आज ओढा मोकळा करायला पोलीस बंदोबस्त मागावा लागतो.